पॉडकास्ट आणि सभासद : कारखान्याचा निरोप कानावाटे कसा पोचवावा



गळीत हंगाम तोंडावर आला की प्रत्येक गटात एकच प्रश्न ऐकू येतो, "आमच्या उसाला तोड कवा?" या प्रश्नाचे उत्तर शेतकी खात्याच्या नोंदवहीत असते. लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र, सारे तेथे लिहिलेले असते. परंतु ते उत्तर गट कार्यालयातून निघून वस्तीवरच्या सभासदापर्यंत पोचेतो वाटेत चार माणसे लागतात आणि चौघांच्या तोंडी त्याचे चार प्रकार होतात. कोणी सांगतो, यंदा टोळ्याच कमी आल्या. कोणी सांगतो, यादी फिरली. मग जीव टांगणीला लागलेला सभासद एक तर पडेल भावाने ऊस दुसरीकडे घालतो, नाही तर तोड लवकर मिळावी म्हणून 'खुशाली' देऊन मोकळा होतो. दोन्हींत नुकसान त्याचेच, आणि उसाअभावी गाळप घटले की ते आपल्या सर्वांचे.

निरोप वेळेवर आणि मूळ शब्दांत न पोचणे ही म्हणजे काही किरकोळ अडचण नव्हे. तिची किंमत टनांत आणि रुपयांत मोजावी लागते. म्हणून या अंकातील सभासद-शिक्षणाच्या पाठासाठी आम्ही ध्वनिमुद्रित निरोपाचा विषय घेतला आहे. शहरात यालाच 'पॉडकास्ट' म्हणतात आणि मोठमोठ्या कंपन्या त्याचा धंद्याच्या कामी उपयोग करतात. आपल्या सहकारी धंद्यात त्याचा उपयोग किती, कोठे आणि कसा, हे क्रमाने पाहू.

पॉडकास्ट म्हणजे काय?

नाव परके असले तरी वस्तू सोपी आहे. रेडिओवर जसे भाषण किंवा मुलाखत लागते, तशीच ती मुद्रित करून ठेवायची आणि ऐकणाऱ्याने आपल्या मोबाइलवर, आपल्या सवडीने ऐकायची. 'आयपॉड' हे खिशात मावणारे गाणी ऐकण्याचे यंत्र आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रसारण, या दोन शब्दांची सांगड घालून २००४ साली 'पॉडकास्ट' हा शब्द तयार झाला. ते यंत्र आज बाजारातून गेले, शब्द मात्र राहिला.

रेडिओ आणि पॉडकास्ट यांत तीन फरक ध्यानात ठेवावेत. पहिला फरक वेळेचा. रेडिओचा कार्यक्रम ठरल्या वेळीच लागतो, त्या वेळी आपण मोटर सुरू करायला रानात गेलो असलो तर तो हुकतो. ध्वनिफीत पहाटे धार काढतानाही ऐकता येते आणि रात्री दारे धरतानाही. दुसरा फरक पुन्हा ऐकण्याचा. हिशेबाचा भाग कळला नाही तर मागे नेऊन तीन वेळा ऐकता येतो. तिसरा फरक खर्चाचा. रेडिओ केंद्राला परवाना लागतो, मनोरा लागतो. ध्वनिफितीला एक बरा मोबाइल आणि एक शांत खोली पुरते.

आपल्याच मुलखातला जुना धडा

कानावाटे शेतकऱ्याला शिक्षण देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. किंबहुना तिचा देशातील एक नामांकित प्रयोग आपल्याच भागात झाला आहे.

कॅनडात १९४१ पासून 'फार्म रेडिओ फोरम' नावाची चळवळ चालू होती. शेतकऱ्यांनी गटाने जमायचे, रेडिओवरचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि काही कृती करायची, अशी तिची पद्धत. तीच पद्धत युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात करून पाहिली. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे निवडण्यात आली. 'उत्तर सातारा' म्हणजे आजचा सातारा जिल्हा. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले होते, आणि दक्षिण साताऱ्याचे नाव १९६० साली सांगली झाले, हे वडीलधाऱ्या सभासदांना आठवत असेल.

प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे श्रोतृमंडळ असे. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की मंडळी उठून घरी जात नसत, बसून चर्चा करीत. मंडळाचा निमंत्रक चर्चेचा वृत्तान्त आणि राहिलेले प्रश्न केंद्राकडे पाठवी, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. डॉ. पॉल न्यूरथ हे तिचे प्रमुख होते. त्यांनी तीन प्रकारची गावे ताडून पाहिली : श्रोतृमंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. श्रोतृमंडळाच्या गावांतील लोकांच्या माहितीत मोठी वाढ झालेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र त्या मानाने फारच थोडी वाढ झाली होती. या यशामुळे १९५९ पासून श्रोतृमंडळांची योजना देशभर नेण्यात आली.

यातला धडा नीट समजून घ्यावा, कारण आपला सारा पाठ त्यावर उभा आहे. रेडिओ दोन्ही प्रकारच्या गावांत होता. फरक पडला तो एकत्र बसण्याने, बोलण्याने आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळण्याने. नुसता आवाज कानावर पडला म्हणून माणूस शहाणा होत नाही. आज आपण घरोघरच्या मोबाइलवर ध्वनिफिती पाठवल्या आणि तेवढ्यावर थांबलो, तर आपली गत त्या नुसत्या रेडिओच्या गावासारखी होईल.

नंतरची वाटचाल

सांगलीला आकाशवाणीचे केंद्र १९६३ साली सुरू झाले आणि कृष्णा-वारणेच्या काठचा शेतकरी आपल्याच भागातील शेतकऱ्याचा अनुभव घरबसल्या ऐकू लागला. पुढे छोट्या, स्थानिक रेडिओचे दिवस आले. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातील म्हसवड येथे २००८ साली 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. दुष्काळी भागातील बायाबापड्या तेथे नुसत्या ऐकत नाहीत, स्वतः बोलतात, गातात, धंद्याचे अनुभव सांगतात. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातील जालिहाळ येथे येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीने 'येरळा वाणी' हे केंद्र उभे केले.

मोबाइल आल्यावर आवाजाची वाट आणखी सोपी झाली. खतांच्या क्षेत्रातील इफ्को या सहकारी संस्थेने २००७ साली एअरटेल कंपनीबरोबर 'इफ्को किसान संचार' ही संस्था काढली. तिचे सिम घेणाऱ्या शेतकऱ्याला रोज एकेका मिनिटाचे पाच बोलके निरोप फुकट मिळत. वाचता न येणाऱ्यालाही ते समजत, आणि त्यासाठी भारी मोबाइल लागत नसे.

शेजारच्या गुजरातेत 'आवाज ओटलो' नावाची फोनसेवा झाली. शेतकऱ्याने फोन करून प्रश्न मुद्रित करायचा आणि तज्ज्ञाने किंवा दुसऱ्या शेतकऱ्याने उत्तर मुद्रित करायचे. या सेवेच्या अभ्यासकांना २०१२ च्या सुमारास एक गमतीची गोष्ट आढळली. तुम्हाला सल्ला कोणाचा हवा, असे विचारले की शेतकरी शास्त्रज्ञांचे नाव घेत. परंतु तोच सल्ला आपल्यासारख्या शेतकऱ्याच्या आवाजात आला की अधिक माहितीसाठी ते जास्त संख्येने उलट फोन करीत. म्हणजे मान शास्त्रज्ञाला, पण पाऊल उचलले जाते ते शेजाऱ्याच्या शब्दावर. आपल्या ध्वनिफितीत पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातील किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधील तज्ज्ञ जरूर असावेत. परंतु त्यांच्या शेजारी आपल्याच गटातील, खोडव्याचे चांगले उत्पन्न काढणारा सभासदही बोलला पाहिजे. 'खत कोणते' हे तज्ज्ञ सांगेल. 'पैसे ओढीचे असताना मी ते कसे बसवले' हे सभासदच सांगू जाणे.

काय बोलावे आणि काय लिहूनच द्यावे

प्रत्येक गोष्ट बोलून सांगण्याची नसते. येथे आम्ही एक साधा नियम सुचवतो : समजावयाचे ते बोलावे, जपून ठेवावयाचे ते लिहून द्यावे.

तोडणीचा क्रम कसा लागतो, बेणेप्रक्रिया कशी करावी, ठिबकाची योजना कोणासाठी आहे, ऊसबिलातून कोणती कपात का होते, हे सारे बोलून चांगले समजते. पूर येतो तेव्हा तर आवाजाचा फार उपयोग होतो. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कृष्णाकाठाने महापूर पाहिला. अशा वेळी छापील परिपत्रक गावात जाऊ शकत नाही, पण दोन मिनिटांचा निरोप जातो. पाणी ओसरल्यावर बुडीत उसाची पाहणी कधी होणार, नोंद कोणाकडे द्यायची, एवढे ओळखीच्या आवाजात कळले तरी माणसाला धीर येतो.

उलट, वार्षिक सभेची सूचना, ताळेबंद, पोटनियमातील दुरुस्ती, तोडणीची यादी, ही कागदावरच हवीत. ध्वनिफीत ऐकवली म्हणजे सभेची रीतसर सूचना दिली, असे कोणीही मानू नये. सभेपूर्वी ताळेबंद कसा वाचावा हे समजावणारी ध्वनिफीत मात्र जरूर काढावी. कागद हातात आणि आवाज कानात, अशी जोडी जमली तर सभेत प्रश्न नेमके येतात. राज्याच्या सहकार कायद्यातही २०१३ च्या दुरुस्तीने सभासद-शिक्षणाची जबाबदारी संस्थांवर स्पष्टपणे घातलेली आहे.

एखाद्या सभासदाची येणेबाकी, कर्ज किंवा तक्रारदाराचे नाव ध्वनिफितीत कधीही घेऊ नये. घरातली गोष्ट चावडीवर गेली की परत येत नाही.

परिपत्रकाची भाषा आणि बोलण्याची भाषा

आपल्या कचेऱ्यांची भाषा कानाला पेलत नाही. उदाहरण पाहा.

"सर्व संबंधित ऊस उत्पादक सभासदांना कळविण्यात येते की, सदर हंगामातील तोडणी कार्यक्रम लागण तारखेनुसार राबविण्यात येणार असून नोंदीत तफावत आढळल्यास संबंधितांनी विहित मुदतीत गट कार्यालयाशी संपर्क साधावा."

हे कागदावर ठीक दिसते. ऐकणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही. हाच निरोप असा बोलावा :

"राम राम मंडळी. तुमच्या उसाची तोड लागणीच्या तारखेवरनं ठरते. म्हणून आज एकच काम करा. नोंदीची पावती काढा आणि तिच्यावरची तारीख बघा. तारीख चुकली असंल तर येत्या शनिवारच्या आत गट ऑफिसला या. येताना पावती आणि सात-बारा आणा. शनिवारनंतर यादी लागंल, मग बदल करता येणार नाही."

यात वाक्ये आखूड आहेत, काम एकच आहे, मुदत स्पष्ट आहे आणि सोबत काय आणायचे तेही आहे. एका निरोपात पाच कामे कोंबली तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी अवस्था होते.

आकडा कसा सांगावा

आकडे कानाला जड जातात. म्हणून एका दमात एकच आकडा सांगावा आणि प्रत्येक आकड्याला आधार द्यावा. रास्त व किफायतशीर दराचे, म्हणजे एफआरपीचे, उदाहरण घेऊ.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला. दहा क्विंटलांचा टन, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त. समजा, हिशेबाला धरलेला उतारा ११.२५ टक्के आहे. म्हणजे उतारा एक टक्का जास्त झाला. एक टक्क्यात ०.१ चे दहा भाग. दहा गुणिले ३ रुपये ४६ पैसे म्हणजे क्विंटलला ३४ रुपये ६० पैसे आणि टनाला ३४६ रुपये. ३,५५० अधिक ३४६, एकूण ३,८९६ रुपये.

येथे थांबले तर अर्धसत्य होईल. आपल्याकडे तोडणी-वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च या रकमेतून वजा होतो. समजण्यापुरते तो टनाला ९०० रुपये धरू. मग सभासदाच्या नावे २,९९६ रुपये उरतात, आणि त्यातून सोसायटीची कपात होते ती वेगळी. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशाने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची मुदत आणि विलंबाला वर्षाला १५ टक्के व्याज ठरवून दिले आहे, तेही त्याच ध्वनिफितीत सांगावे. जो आकडा आपल्याला सोयीचा तेवढाच सांगितला, तर सभासदाचा कान पुढच्या वेळी उघडा राहणार नाही.

ध्वनिफीत तयार करण्याची रीत

१. आधी मजकूर लिहावा. बोलताना मिनिटाला सुमारे शंभर ते सव्वाशे शब्द जातात. म्हणजे आठ मिनिटांना आठशे ते हजार शब्द पुरेत. त्याहून लांब निरोप सहसा करू नये.

२. मजकूर कार्यालयाबाहेरच्या एका सभासदाला वाचून दाखवावा. त्याला काय समजले ते त्याच्या तोंडून ऐकावे. जेथे तो अडखळेल तेथे मजकूर बदलावा, त्याला दोष देऊ नये.

३. खोली लहान आणि भरलेली निवडावी. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो. खिडक्या-पंखे बंद करावेत. भिंतीला गोधडी, सतरंजी टांगली तरी चांगला फरक पडतो. वजनकाट्याजवळची खोली टाळावी, नाही तर ट्रॅक्टरच हजेरी लावतील.

४. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरावा. अगदी समोर धरला की 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर बसते. मुद्रण चालू असताना फोन येऊ नये अशी व्यवस्था करावी.

५. वाचू नये, बोलावे. समोर एक माणूस बसवावा आणि त्याला सांगतो आहोत असे बोलावे. मुलाखत असेल तर उत्तमच.

६. सुरुवातीला तारीख, बोलणाऱ्याचे नाव व हुद्दा आणि विषय सांगावा. शेवटी करावयाचे काम आणि मुदत पुन्हा एकदा सांगावी. सत्कार, हारतुरे, प्रास्ताविक यांना येथे जागा नाही. ऐकणाऱ्याने पहिल्या अर्ध्या मिनिटात 'हे माझ्या कामाचं हाय' असे म्हणायला हवे.

७. फाइल हलकी ठेवावी. नुसत्या बोलण्याला सेकंदाला ६४ किलोबिट इतका दर्जा पुरतो. त्या हिशेबाने दहा मिनिटांची फाइल सुमारे ४.८ मेगाबाइटची होते. डोंगरकपारीच्या वाडीत, जेथे मोबाइलला कसाबसा रेंज येतो, तेथेही ती उतरते.

८. दिवस ठरवावा आणि तो मोडू नये. दर पंधरवड्याला एक, पण नेमाने. महिनाभर रोज आणि मग वर्षभर शांतता, याचा उपयोग नाही.

सर्वांपर्यंत पोचावे कसे

आपल्याकडे सर्वांकडे मोठा मोबाइल आहे असे समजणे चुकीचे होईल. वयस्क सभासदांपैकी अनेकांकडे साधा बटणांचा फोन आहे. त्यांच्यासाठी एक क्रमांक ठेवावा. त्यावर मिस्ड कॉल दिला की उलट फोन येऊन निरोप ऐकू येतो, अशी सोय करता येते. व्हॉट्सॲपवरून पाठवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकगठ्ठा यादीने पाठवलेला निरोप, ज्याने कारखान्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच मिळतो. तेव्हा आधी चिटबॉयने गावोगाव हिंडून तेवढे काम करून द्यावे.

भगिनी सभासदांचा विचार वेगळा करावा लागेल. पुष्कळ ठिकाणी शेअर बाईच्या नावावर, पण नोंदीतला फोन मुलाचा किंवा दिराचा. मग निरोप तिच्यापर्यंत जात नाही. ज्यांची इच्छा असेल त्यांचा स्वतःचा क्रमांक नोंदवून घ्यावा. लागण, भांगलण, बेणे निवडणे या कामांतला त्यांचा अनुभव मोठा आहे. त्यांचा आवाजही ध्वनिफितीत आला पाहिजे.

आणि आता १९५६ चा धडा. प्रत्येक गावी पंधरा-वीस सभासदांनी पंधरवड्यातून एकदा सोसायटीच्या कट्ट्यावर, देवळात किंवा दूध डेअरीत जमावे. ध्वनिफीत एकत्र ऐकावी, अर्धा तास बोलावे. एकाने वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : काय पटले, काय पटले नाही, काय विचारायचे आहे. प्रश्न त्याच फोनवर मुद्रित करून पाठवावेत. याला वेगळा खर्च नाही.

प्रश्नाला उत्तर हवेच

ही बाजू सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अवघड आहे. प्रश्न सगळे गोड येणार नाहीत. एक नमुना देतो.

"साहेब, माझी आडसाली लागण. शेजाऱ्याची माझ्या मागनं झाली, तरी त्येला टोळी आली. आसं कसं?"

"तात्या, नोंदवही काढून बघितली. तुमची लागण आधीची, हे खरं आहे. पण शेजाऱ्यांच्या उसाला आग लागली होती. जळीत ऊस उभा ठेवला तर दिवसागणिक वजन आणि उतारा घटतो, म्हणून तो आधी तोडला. तुमचा नंबर गेलेला नाही. तुमच्या शिवारातल्या यादीत तुम्ही आता तिसरे आहात."

या एका उत्तराने तात्यांचेच समाधान होते असे नाही. तोच संशय मनात असलेल्या पन्नास जणांचे होते. समजा, नोंदवही पाहिल्यावर क्रम खरोखरच डावलला गेला आहे असे दिसले, तर तेही त्याच आवाजात सांगावे आणि पुढे काय केले ते सांगावे. खुशालीबद्दल विचारणा आली तर 'असे काही नाही' म्हणून ती उडवून लावू नये. तोडीसाठी पैसे मागितले तर तक्रार कोणाकडे, कोणत्या क्रमांकावर द्यायची आणि तिचा निकाल किती दिवसांत कळेल, हे स्पष्ट सांगावे. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवून किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, एवढे दर महिन्याला ऐकवले तरी वचक बसतो.

ज्या ध्वनिफितीत नुसती कारखान्याची स्तुती असेल ती लोक दुसऱ्या वेळी ऐकणार नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? कारभारात उत्तर असेल तरच ध्वनिफितीत उत्तर येईल. हे साधन कारभार झाकायला चालत नाही. उलट ते त्याची परीक्षा पाहते.

खोट्या आवाजापासून सावध

आज यंत्राच्या साहाय्याने कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. चेअरमनांच्या किंवा कार्यकारी संचालकांच्या आवाजात खोटा निरोप फिरवणे आता अवघड राहिलेले नाही. म्हणून काही पथ्ये पाळावीत.

निरोप एकाच ठरलेल्या क्रमांकावरून यावा. प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक असावा आणि तोच अनुक्रमांक, विषयासह, गट कार्यालयाच्या फलकावर लिहिलेला असावा. फलकावर नाही तो निरोप कारखान्याचा नाही. बँक खात्याचा क्रमांक, ओटीपी, आधारची माहिती किंवा पैसे भरण्याची मागणी ध्वनिफितीतून कधीही केली जाणार नाही, हा नियम सर्वांनी पाठ करावा. दिलेल्या निरोपात चूक निघाली तर जुनी फाइल गुपचूप काढून टाकू नये, नव्या निरोपात दुरुस्ती सांगावी. सर्व ध्वनिफिती क्रमाने जपून ठेवाव्यात. तोंडी आश्वासन वाऱ्यावर जाते, मुद्रित झालेला शब्द मात्र पुढच्या हंगामातही ऐकवता येतो. बोलणाऱ्याने तो धाक मनात ठेवूनच बोलावे, हे सभासदांच्या हिताचे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

आपल्या गावी पुढील प्रश्नांवर एकत्र बसून बोलावे, अशी विनंती आहे.

१. गेल्या हंगामात कारखान्याचा कोणता निरोप आपल्याला उशिरा किंवा चुकीचा मिळाला? त्यामुळे काय नुकसान झाले?
२. आपल्या गावात किती सभासदांकडे साधा फोन आहे आणि किती भगिनी सभासदांचा स्वतःचा क्रमांक नोंदलेला आहे?
३. ऐकण्यासाठी जमायचे तर जागा कोणती, वार कोणता आणि वही कोण लिहील?
४. पहिल्या ध्वनिफितीत कोणत्या एका विषयाचा खुलासा हवा?

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकले जात नाही, असे आपण म्हणतो. सहकारात त्याला एक जोड द्यावी लागते. येथे बोलणाऱ्याने ऐकलेही पाहिजे, कारण ऐकणारा हा या धंद्याचा मालक आहे. आपली उत्तरे लिहून गट कार्यालयातील पेटीत टाकावीत किंवा चिटबॉयजवळ द्यावीत. आलेल्या उत्तरांचा गोषवारा पुढील अंकी देऊ.